गोजरबाईची तारीख

इन्स्पेक्टर पाटणकरांनी बाळंतपणांच्या वहीकडे हात नेला, तेव्हा नर्स सुंदरम्माने ती अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"मला एकच पान पाहायचं आहे," पाटणकर म्हणाले.

"पान एकच असेल साहेब. त्या पानावर बायका बारा आहेत."

पाटणकरांनी हात मागे घेतला. ते गिरण्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी. सकाळच्या गाडीने पुण्याहून या गिरण्यांच्या शहरात येऊन थेट शुक्रवार पेठेतल्या धर्मादाय प्रसूतिगृहात आले होते आणि टोपी शेजारी ठेवून बायकांच्या बाकावर अवघडून बसले होते. त्यांनी खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर पसरली. गोजरबाई रावजी, वाइंडिंग खातं, बाळंतपण सव्वीस जुलै १९३७. खाली गोलसर अक्षरात सही.

"सही तुमची?"

"माझीच."

"कायद्याने बाळंतिणीला चार आठवडे गिरणीत काम करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ही बाई तीन सप्टेंबरला कामावर आली. नऊ तारखेला मशीनशेजारी कोसळली, बाराला वारली. गिरणी म्हणते, चार आठवडे केव्हाच उलटले होते, ही पाहा नर्सबाईंची चिठ्ठी. मला एक निनावी पत्र आलं आहे. ती कोसळली तेव्हा तिचं मूल सोळा दिवसांचं होतं, असं त्यात लिहिलंय. तुमच्या वहीत जी तारीख असेल, ती मला हवी आहे."

"विश्वस्तांना विचारावं लागेल."

"विचारा. उद्या दुपारच्या गाडीने मी परत जाणार."

ते गेल्यावर सुंदरम्माने वही उघडली. पान शोधावं लागलं नाही. चोवीस ऑगस्ट, पहाटे. मुलगा, पाच पौंड. रक्तस्राव पुष्कळ. वहीत तिने कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्याच पानावर वरच्या ओळीत एका कासाराच्या सुनेला नवऱ्याकडून लागलेला रोग होता, तो तिच्या सासरी कुणाला ठाऊक नव्हता. शेवटच्या ओळीत नवी पेठेतली एक विधवा होती. तिचं मूल कुठे गेलं, हे सुंदरम्मा आणि ती विधवा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाया तिच्याकडे यायच्या त्या या भरवशावर. इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर जात नाही, हे ती प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगायची.

गोजरबाई बाळंतपणानंतर आठव्या दिवशी परत आली होती. मूळची माढ्याकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची. भिंतीला हात लावत लावत आत आली आणि कागदाचा एक कपटा पुढे केला. त्यावर पेन्सिलीने नुसती तारीख लिहिलेली होती.

"जॉबरनं दिलीया, आमच्या खात्याच्या मुकादमानं. म्हनला, ही तारीख टाकून चिठ्ठी आन, बाकी मी बगतो."

"अगं, तुला अजून उभं राहवत नाही."

"जुलैपासनं घरीच हाय की बाई. पाय सुजलं हुतं. आता बायांची कपात चाललीया. जी हजर न्हाय तिचं नाव पयलं. आन बाळंतपनाचा भत्ता तर मला न्हाईच, कामाला लागून नऊ म्हयने भरलं न्हाईत." मग ती हसली होती. "तुमी लिवलंसा तर माजी जागा ऱ्हातीया."

सुंदरम्माने तिला दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा दौत जवळ ओढली.

दुपारी विश्वस्त आबासाहेब आले. वयस्क, मऊ बोलणारे गृहस्थ. प्रसूतिगृहाची इमारत त्यांच्याच खटपटीने उभी राहिली होती. त्याच गिरणीत त्यांचे शेअर होते, हेही पेठेत सगळ्यांना माहीत होतं. सुंदरम्माने सगळं सांगितलं, चिठ्ठी कशी लिहिली तेवढं सोडून.

"वही द्यायची नाही," आबासाहेब म्हणाले. "तुमच्या विद्येत पहिला धडा हाच ना? रोग्याची गोष्ट चार भिंतींच्या आत. आज एक साहेब आला, उद्या दुसरा येईल. मग कोण बाई इथे पाऊल टाकेल?"

"ते खरं आहे."

"मग झालं तर." ते उठले. दाराशी जाऊन वळले. "आणि तुमचंही भलं त्यातच आहे, सुंदरम्मा."

म्हणजे चिठ्ठीचं त्यांना माहीत होतं. ते गेल्यावर तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. सांगायचं नाही, एवढंच तर करायचं होतं, आणि तेच तिचं कर्तव्य होतं. ती मोरीशी गेली, कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. त्या दुपारी तिने कुणालाही हात लावलेला नव्हता.

दिवेलागणीच्या आधी ती गिरणीमागच्या चाळीत गेली. गोजरबाईचा नवरा रावजी त्याच गिरणीत पाळीला गेला होता. सासू बजाबाई उंबऱ्यात बसून नातवाला मांडीवर थोपटत होती. सुंदरम्मा बाहेरच्या दगडावर टेकली.

"सरकारी साहेब आलेत. गोजरबाई कधी बाळंत झाली ते विचारतात. तुमच्या घरची गोष्ट आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी सांगणार नाही."

बजाबाईने थोपटणं थांबवलं नाही.

"सांगितलं तर काय हुईल?"

"गिरणीला दंड होईल. जॉबरवर येईल. रावजीवर डूक धरतील, हेही होईल."

"त्येची नोकरी जाईल म्हना."

"जाऊ शकते."

म्हातारीने नातवाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"गाव सोडलं तवा बी नोकरी नव्हतीच," ती म्हणाली. "सांगा. माती झाली पोरीची, आता तिचं काय झाकायचं? माज्या डोळ्यादेखत लुगड्यात चिंध्या कोंबून गेली ती कामावर. मी म्हनलं जाऊ नगं. म्हनली, चिठ्ठी मिळालीया." तिने मान वर केली. "त्या सायबाला येवढं इचारा बाई. ती चिठ्ठी कुनी लिवली?"

सुंदरम्माने मुलाची जीभ पाहिली, पोटावर बोट टेकवून पाहिलं. मग येते म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणकर आले, तेव्हा वही टेबलावर उघडी होती. पानावर तिने दोन कोरे कागद अंथरले होते, एक वर आणि एक खाली. मधे गोजरबाईची एकच ओळ उघडी होती.

"हिच्या घरच्यांनी हो म्हटलंय. बाकीच्यांना मी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "कागदाला हात लावू नका."

"विश्वस्त?"

"ते नको म्हणाले."

पाटणकरांनी ओळ उतरवून घेतली. कागद सरकवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. मग चिठ्ठी वहीशेजारी ठेवली. एकीकडे चोवीस ऑगस्ट, दुसरीकडे सव्वीस जुलै, दोन्हीकडे तेच गोलसर अक्षर.

"लिहिताना चूक झाली असेल," ते चिठ्ठीकडे पाहतच म्हणाले. "धावपळीत होते. तसं मी नोंदवू शकतो."

"चूक नाही. खरी तारीख मला माहीत होती. खोटी जॉबरने कपट्यावर लिहून पाठवली होती, ती मी उतरवली. तिने विनवलं आणि मी लिहिलं."

त्यांची लेखणी थांबली.

"बाई, जॉबरचं नाव यायला हवं, ते आता येईल. पण हे असं लिहिलं, की मला वर कळवावं लागेल. नर्सांच्या नोंदणीचा कायदा नवा आहे. कौन्सिल काय करील, ते माझ्या हातात नाही."

"मी म्हटलं तसंच लिहा."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने 'तिने विनवलं' हे शब्द खोडायला लावले आणि सही केली.

पुढे गिरणीला दंड झाला, तो गिरणीने भरला. जॉबरला दुसऱ्या खात्यात हलवलं. रावजीची नोकरी दिवाळीपर्यंत टिकली. सुंदरम्माचं नाव वर्षभरासाठी नोंदणीतून काढलं, आणि आबासाहेबांनी तिच्या जागी दुसरी नर्स आणली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पाटणकर स्टेशनकडे गेले आणि सुंदरम्मा भर उन्हात गिरणीमागच्या चाळीत आली.

बजाबाई तिथेच होती. मूल रडत होतं.

"चिठ्ठी मी लिहिली होती," सुंदरम्मा उभ्यानेच म्हणाली. "साहेबांना सांगून आलेय."

बजाबाई तिच्याकडे पाहत राहिली. शेजारची एक बाई डोकावली आणि आत गेली. म्हातारीने मूल या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. ते रडायचं थांबेना.

"शेळीचं दूद पचना झालंय ह्येला," ती खालीच बघत म्हणाली. "पानी किती घालायचं, तेवडं सांगून जा."

"निम्मं," सुंदरम्मा म्हणाली. "आणि उकळून घ्या."

"करून दाव."

सुंदरम्माने वहाणा काढल्या आणि वाकून आत चुलीपाशी गेली.