पाण्याची छटा

कोळशानं काढलेल्या चेहऱ्याच्या डाव्या गालावर काल कोरा सोडलेला कागद आज राखाडी झाला होता. विनितानं छटापट्टी त्याच्याशेजारी धरली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकेक पायरी गडद होत जाणारे चौकोन. काल गाल पहिल्याशी जुळत होता, आज तिसऱ्याशी.

कोळशाची पूड उडते, पनवेलची हवा दमट, हे तिला ठाऊक होतं. तिनं गाल रबरानं उजळला आणि चित्र काचेखाली घालून कपाटात ठेवलं. तरी सकाळी गाल राखाडीच. मग ती रोज काच उघडून तो उजळू लागली, आणि तो रोज आणखी काळवंडू लागला. त्याच कपाटात तिच्या चित्रकला वर्गातल्या मुलांची चित्रं होती. ती जशीच्या तशी राहिली. या चित्रातला मागचा समुद्रसुद्धा होता तसाच. फक्त माणूस गडद होत होता.

माणूस म्हणजे उरणकडचा तुळशीराम कोळी. त्याची होडी सापडली, तो सापडला नाही. दर्भाचा पुतळा जाळून त्याचं क्रियाकर्म उरकावं म्हणून घरचे मागं लागले होते. बायको, गोदूबाई, कितीतरी महिने होकार देत नव्हती. एका पुसट फोटोवरून तिनं हे चित्र काढायला सांगितलं होतं.

"एकदा तोंड नीट बगते," म्हणाली होती, "मंग ठरवीन."

शनिवारी दुपारी ती दिराला, धनेशला, घेऊन आली.

"झाला का, बाई?" धनेशनं दारातूनच विचारलं. "का आमच्या दादालाच यायचं नाय?"

"तोंड आवर, धन्या."

विनितानं चित्र खिडकीकडे वळवलं. गालाची छटा आता पाण्याच्या छटेला येऊन मिळाली होती. चेहरा कुठं संपतो, समुद्र कुठं सुरू होतो, सांगता येत नव्हतं. उरले होते दोन डोळे आणि सदऱ्याची कॉलर.

"मी नीट काढलं होतं," ती हलकेच म्हणाली. "आकार नुसत्या रेषेनं दिसत नाही, गोदूबाई. शेजारची छटा वेगळी असते, म्हणून दिसतो. दोन्ही सारख्या झाल्या की कड हरवते."

"आन मानूस?"

"तो तिथंच असतो. वेगळा दिसत नाही."

धनेशनं दारात काढलेल्या चपला उगाच जुळवून ठेवल्या.

"पुन्हा उजळते," विनिता म्हणाली. "छटांमधला विरोध वाढवला की—"

"किती येळा उजळला?"

"रोज."

"मी बी," गोदूबाई म्हणाली. "रोज सकाली उठून तेच करते."

तिघंही बघत असताना डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका राखाडी झाला. विनिताचा हात रबराकडे गेला. गोदूबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको, बाई. आता वढू नका त्यांना."

मग चित्रावरची नजर न काढता ती दिराला म्हणाली,

"धन्या, येत्या आवशेला यांचा पुतळा करा."