नाक वाऱ्याकडे

हर्षाने परीक्षेत दोनदा विमान संत्र्याच्या बागेवर नेलं होतं. दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या शिक्षक प्रभाकररावांनी ताबा घेऊन ते वर काढलं, म्हणून संत्री वाचली.

कारंजा घाडग्यात तिचे सासरे महादेवराव यांचं बी-बियाण्याचं दुकान. भूपेंद्रशी लग्न झालं तेव्हा तिचं विमान शिकणं अर्धवट होतं. महादेवरावांनी मोठ्या मनाने सुनेला परवानगी दिली आणि आपल्या मोठ्या मनाबद्दल तालुकाभर सांगत सुटले. अट एकच, परीक्षा तीनदाच. तिसऱ्यांदाही आडव्या वाऱ्यात विमान नीट उतरलं नाही, तर सोमवारपासून दुकानात बसायचं. दुकान काही वाईट नव्हतं. पण जन्मभर फवारणीचे पंप आणि उंदराचं औषध विकायचं म्हटलं की हर्षा पुन्हा विमानाचं पुस्तक उघडून बसायची.

आष्टीच्या वाटेवरची फ्लाइंग क्लबची धावपट्टी दक्षिणोत्तर आणि चैत्रातल्या दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे कायम आडवा. उपाय पुस्तकात दिलेला होता. विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरकंच यायचं, जायचं मात्र पट्टीच्या रेषेत. चाकं टेकायच्या क्षणभर आधी पायाने नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख खाली दाबून धरायचा. हर्षाला हे तोंडपाठ होतं. पण वाकडं ते वाईट असं लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे नाक तिरकं दिसलं की तिला राहवायचं नाही. ती उंचावरच नाक सरळ करायची आणि वारा तिला खुशाल बागेकडे घेऊन जायचा.

"नाकाकडे काऊन पाहून राह्यली?" फौजेतून निवृत्त झालेले प्रभाकरराव वैतागायचे. "नाक कुठंबी राहो. जाणं पट्टीवर झालं पायजे."

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी ती स्वयंपाकघरात गार चहा घेऊन बसली होती. समोरून सासूबाई, सुमित्राबाई, पाण्याचा भरलेला गुंड कडेवर घेऊन छपरीतून आल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी महादेवरावांच्या वडिलांची बाज होती. त्या काळच्या सुनेने सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही आणि पाठही नाही. मग उरतो एक खांदा. सुमित्राबाई तोंड भिंतीकडे, खांदा बाजेकडे आणि पाय दाराकडे अशा तिरक्या यायच्या. उंबऱ्यापाशी कमरेला एक झटका, की सरळ आत. थेंब सांडायचा नाही. सासरा जाऊन बारा वर्षं झाली होती, बाज रिकामी होती, पण सुमित्राबाईंची चाल काही निवृत्त झाली नव्हती.

लग्नानंतर वर्षभर हर्षा नवऱ्याला ही चाल करून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायची. आज तिला हसू आलं नाही. तिने उठून सगळा गुंड मोरीत ओतला.

"आई, पाण्यात माशी होती."

सुमित्राबाई पुटपुटत पुन्हा नळावर गेल्या. हर्षा दारात उभी राहून त्यांच्या कमरेकडे बघत राहिली. मग आणखी एक माशी निघाली.

दुपारी महादेवराव मुद्दाम गाडी काढून, बायकोला घेऊन पट्टीवर आले. सून नापास होताना बघायला आले होते असं कोण म्हणेल? पण वारा जोराचा आहे हे बघून त्यांचा चेहरा खुलला होता एवढं खरं.

हर्षा उत्तरेकडे तोंड करून पट्टीवर येऊ लागली. नाक डावीकडे, वाऱ्यात. पाय शिवशिवले. नाक सरळ कर, सरळ कर. तिने स्वतःला बजावलं, समोर आजेसासरे बाजेवर बसलेत, खबरदार तोंड दाखवशील तर. विमान खांदा पुढे करून तिरकं, सावकाश खाली आलं. बाग उजवीकडे जागच्या जागी राहिली. अगदी उंबऱ्याशी तिने उजवा पाय दाबला, डावा पंख खाली धरला. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं, मग पुढचं. प्रभाकररावांनी मांडीवरचे हात उचललेसुद्धा नाहीत.

"आता हे कोणी शिकवलं तुले?" एवढंच विचारून त्यांनी कागदावर सही केली.

महादेवराव गाडीपाशी खट्टू उभे होते. "वाकडंच तं आलं विमान," ते म्हणाले. "पास कसं केलं?"

हर्षा धावत सासूकडे गेली. तिला एकाच वेळी आनंदही झाला होता आणि वर्षभराच्या नकलांची लाजही वाटत होती. "आई, तुमच्या चालीनं उतरली मी. बाजेसमोरून येता ना, ती. माशी-बिशी काही नव्हती पाण्यात."

सुमित्राबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रागावल्या असं हर्षाला वाटलं, पण त्यांचे डोळे भरले होते.

"मले वाटे, पस्तीस वर्षांत ते कोणाले दिसलंच नाई," त्या म्हणाल्या.

महादेवरावांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"कोणती चाल?" त्यांनी विचारलं.