झटपटताई आणि खोटा मेल

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे, आणि माझं अख्खं आयुष्य मांजरांमध्ये गेलं! हसू नका, खरंच सांगतो. जनावरांच्या दवाखान्यात, पुढच्या टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी माझी जागा होती. तपासायला आणलेली मांजरं पिशवीतून मान बाहेर काढून माझ्या वायरीकडे अशी टक लावून बघत, की माझ्या पोटातला लाल दिवा थरथरायचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईंनी माझं डावं बटण दाबलं, उजवं दाबलं, चाक फिरवलं आणि "चोख आहे" म्हणत मला खोक्यात घातलं. दुकानातून मला दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी आणलं आणि मी थेट झटपटताईच्या हाती आलो.

झटपटताई म्हणजे दवाखान्याचं पुढचं टेबल सांभाळणारी. एका कानाला फोन, एका हातात मी, आणि शिवाय कुणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा कोपराखाली दाबलेला. नाव पुकारणं, वेळ देणं, घरोघरी रिपोर्ट मेल करणं, सगळं कसं चुटकीसरशी! "हा माउस म्हणजे माझा उजवा हात आहे," असं ती म्हणाली की मी फुशारून जायचो.

एका सकाळी दवाखान्यात नुसता गोंधळ उडाला होता. एका दांडग्या कुत्र्याने मोजा गिळला होता. त्याची मालकीण रडत होती, पिंजऱ्यातला पोपट सगळ्यांवर ओरडत होता आणि फोन थांबायचं नाव घेत नव्हता. तेवढ्यात पडद्यावर एक मेल आला. ‘प्रिय ग्राहक, तुमचा मेलबॉक्स भरला आहे. तासाभरात इथे दाबून खात्याची खात्री करा, नाहीतर सगळे मेल पुसले जातील!’

"अरे देवा, आता हे काय नवीन?" म्हणत ताईने मला ओढलं. टक! एक पान उघडलं. पानाने पासवर्ड मागितला. की-बोर्ड खडखडला आणि पान गायब झालं.

"झालं एकदाचं," ताई म्हणाली आणि कुत्र्याला धरायला आत पळाली.

दुपारी पोपटवाल्या काकांचा फोन आला.

"ताई, तुमचा मेल आलाय. आमच्या मिठूचा तातडीचा रिपोर्ट म्हणे. तो बघायला माझ्या मेलचा पासवर्ड कशाला हवा? आणि मिठूची तर तुम्ही नुसती नखं कापलीत! नखांचा कसला रिपोर्ट?"

ताईने ‘पाठवलेले मेल’ हा कप्पा उघडला, आणि बापरे! तिने न पाठवलेल्या मेलची ही रांग लागली होती. सगळे दवाखान्याच्या नावाने. ‘आपल्या प्राण्याचा तातडीचा रिपोर्ट. इथे पाहा.’ तिने सकाळचा मेल पुन्हा उघडला आणि या खेपेला सावकाश वाचला. नाव मेल कंपनीचं होतं, पण पत्ता भलताच, कुणीतरी डोळे मिटून अक्षरं बडवल्यासारखा.

"गेली माझी नोकरी," ती पुटपुटली.

मित्रांनो, सकाळच्या गोंधळात ती पासवर्ड देत असताना कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती गप्प बसू शकली असती. पण ती उठली आणि तडक आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

"मॅडम, माझ्या हातून मोठी चूक झालीय. खोट्या मेलला आपला पासवर्ड दिला मी. आता आपल्या नावाने सगळ्यांना मेल जातायत."

डॉक्टर मॅडम हातमोजे काढतच बाहेर आल्या. "मोजा निघालाय, कुत्रा वाचलाय. आता हे बघू. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागवेन, आत्ता वेळ नाही. चल!"

आणि काय सांगू! त्यांनी मला उपटून आपल्या लॅपटॉपला जोडलं. जन्मात पहिल्यांदा मी माझी जागा सोडली! फोनवर कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दादा सांगत होते, तसा मी पळत होतो. पासवर्ड बदला. सगळीकडून साइन आउट करा. पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागेल अशी सोय चालू करा.

"हाच पासवर्ड आणखी कुठे ठेवलाय?" दादांनी विचारलं.

मॅडम ओशाळल्या. "औषधं मागवायच्या साइटवर. आणि... घरच्या मेललासुद्धा."

"मग तेही बदला. लगेच!"

मग फोनवर फोन सुरू झाले. ‘आमच्या नावाचा तो मेल खोटा आहे, उघडू नका.’ मध्येच ताई किंचाळली, "बाबा!"

तिच्या बाबांच्या ठमी मांजरीचा रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवशी यायचा होता. ते घरी कॉम्प्युटरपुढेच ठाण मांडून बसले असणार!

"बाबा, दवाखान्याचा मेल उघडलात का?"

"उघडला ना. आता पासवर्डच टाकतोय. थांब, चष्मा पुसतो."

"बाबा, हात वर!"

"काय?"

"दोन्ही हात वर करा! कशालाही हात लावू नका!"

"अगं, दरोडा पडलाय की काय?"

"पडतोय! तुमच्या पासवर्डवर!"

मग पलीकडून बारीक आवाज आला, "केलेत वर. फोन खांद्यात धरलाय, मान अवघडलीय. पण माझी ठमी?"

मॅडम फोनवर वाकून म्हणाल्या, "काका, ठमीचा खरा रिपोर्ट माझ्या हातात आहे. एकदम ठणठणीत आहे ती. हात खाली घ्या!"

सगळा दवाखाना खो खो हसला. ताई मात्र हसता हसता रडली.

सगळेच या फसवणुकीतून वाचले नाहीत. काहींनी पासवर्ड देऊन टाकला होता. त्यांना ताईने एकेक पायरी सांगून तो बदलायला लावला. एका बाईंनी तर चिडून फोन आपटला. संध्याकाळी ताई मान खाली घालून उभी राहिली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तू लपवलं असतंस ना, तर खरंच रागावले असते."

दुसऱ्या दिवशी दादांनी येऊन माझ्या अंगची एक खुबी दाखवली. लिंकवर मला नुसतं न्यायचं, दाबायचं नाही. मग ती खरोखर कुठे नेणार, तो पत्ता खाली दिसतो. मित्रांनो, तोवर मला वाटायचं, आपला जन्म फक्त दाबून घेण्यासाठी! थांबणं हेही आपलंच काम, हे मला तेव्हा कळलं.

काही दिवसांनी मॅडमच्या नावाने मेल आला. ‘सगळ्या कुत्र्यांच्या लसीकरणाच्या नोंदी या पत्त्यावर पाठव. लगेच.’ ताईचा हात थांबला. ती मला सोडून उठली आणि आत गेली.

"मॅडम, हा मेल तुम्हीच पाठवलाय?"

"हो, मीच. मोठ्या दवाखान्याला हव्यात."

"मग उगाच विचारलं," ताई लाजली.

"उगाच कसं? मीच असं तुटक लिहायला नको होतं. पुढच्या वेळीही विचार. रोज विचार!"

आता माझं डावं बटण अडकतं. टेबलावर नवा, बिनवायरीचा माउस आलाय आणि मी खणात चिकटपट्टीशेजारी पडून आहे. तरी माझी एक विनंती ऐका. घरी असा की कामावर, कुणी मेलमधून घाबरवलं, घाई केली, पासवर्ड मागितला, तर आधी माउसवरून हात उचला. ज्याच्या नावाने मेल आलाय, त्याला आपल्याकडच्या नंबरवर फोन करा, नाहीतर सरळ जाऊन विचारा. आपलं माणूस विचारल्याचा राग धरत नाही. आणि जो मेल विचारायचीही उसंत देत नाही, त्याच्यासाठी माझ्या भावंडांना मुळीच दाबू नका!