खिंडीतला साक्षीदार

"कॅप्टन पळाला म्हणायचं. एवढंच. पुढचं लोक आपोआप म्हणतील," विरोधी पक्षाचा माणूस स्टुलावर टेकत म्हणाला.

ड्रायव्हरने फुगवलेली ट्यूब टबातल्या पाण्यात दाबली आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहत राहिला. सैन्यातून हाकलून दिल्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून हे पंक्चरचं दुकान. पण लोकांच्या तोंडी अजून ड्रायव्हरच.

"पळाला नाही तो," तो म्हणाला. "त्याने गाडी ठोकली. मेजवानीहून येताना मला बाजूला सारून स्वतः स्टिअरिंगवर बसला, झिंगलेला. रस्त्याकडेचा एक म्हातारा चिरडला. चौकशीत सांगितलं, ड्रायव्हर प्यालेला होता. हे बोलतो मी, म्हणाल तिथे."

पाहुण्याने मान हलवली. "पिऊन गाडी ठोकणारे आमच्याच पक्षात चार निघतील. ते आमच्याच अंगाशी यायचं. कॅप्टन मतं मागतोय ती खिंडीतल्या लढाईच्या जोरावर. गोळीबारात तीनदा मागे गेलो, जखमी जवान पाठीवर आणले, हेच प्रत्येक सभेत. ती खिंड काढून घेतली की त्याच्याकडे राहतं काय? आणि तिथे तेव्हा शुद्धीवर असलेला माणूस आता तुम्हीच एकटे उरलात."

कॅप्टनने खिंडीतून शेवटी आणलेला जवान म्हणजे ड्रायव्हरचा मेहुणा. गुडघ्याखाली पाय गेलेला, बेशुद्ध. म्हणून तर पुढे अपघाताचं बालंट आलं तेव्हा बायकोने हात जोडले होते, "माझ्या भावाला त्यांनी जीवदान दिलंय. त्यांच्याशी वैर धरू नका." ड्रायव्हरने तोंड मिटून घेतलं. कैद भोगून आला. दारूला कधी न शिवलेल्या माणसाला शेजारीपाजारी बेवडा म्हणू लागले, आणि बापाने मरेपर्यंत त्याच्याशी शब्द काढला नाही.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण ते पळाले नव्हते ना?"

"नाही."

"मग?"

"मीही प्यालो नव्हतो."

विरोधी पक्षाच्या सभेत तो फार बोलला नाही. "गोळीबार सुरू झाला. आम्ही मागे वळून पाहिलं. साहेब नव्हते." मग मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू खुर्च्यांमधून पुढे पुढे येत गेलं. ड्रायव्हरला वाटलं, वीस वर्षांच्या भाजल्या जागेवर कोणी गार पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दुकानात आला. एकटा, पायी. केस पांढरे, पण पाठ ताठ. ड्रायव्हर सवयीने उठून उभा राहिला आणि स्वतःच्याच पायांचा त्याला राग आला.

"तू तिथे होतास," कॅप्टन म्हणाला. "खरं काय ते तुला माहीत आहे."

"आहे, साहेब."

"मग तेवढं सांग. दुसरं काही मागत नाही."

"चौकशीत मीही तेवढंच मागितलं होतं."

कॅप्टनने रस्त्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तेव्हा घाबरलो होतो मी."

"मग पळालातच की, साहेब. मी सांगितली ती जागा तेवढी चुकली."

कॅप्टन आला तसा गेला. निवडणुकीत त्याचा पार धुव्वा उडाला. चौकाचौकांत त्याला पळपुटा म्हणू लागले. तो दिसला की टवाळ पोरं जागच्या जागी पाय आपटून धावल्याचा आवाज काढत. ड्रायव्हरने ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्याला चार घास जास्त गेले.

मेहुणा ड्रायव्हरच्याच घरी राहायचा. सभेपासून तो गप्पच होता. निकालानंतर एका संध्याकाळी तिघं जेवायला बसायच्या बेतात असताना तो म्हणाला, "भावोजी, एक विचारू? साहेब पळाले, तर मला खिंडीतून आणलं कोणी?"

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात थांबला.

कोणाचंही नाव घेता आलं असतं. मेलेल्यांपैकी एखाद्याचं घेतलं असतं तर विचारायला कोण जाणार होतं? पण मेहुण्याला वाचवल्याचं श्रेय, कॅप्टनकडे उरलेलं तेवढंच, आता दुसऱ्या कोणाला द्यायला ड्रायव्हरचं मन होईना.

"मी," तो म्हणाला.

मेहुण्याने मान वर केली. "आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? त्यांचं नाव होऊ दिलंत?" कुबडी ओढून तो उठला, लंगडत जवळ आला आणि लहान पोरासारखं डोकं ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकून रडू लागला. ड्रायव्हरने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, ऐकलंस का?" मेहुण्याने डोळे पुसत विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. तिने दोघांना वाढलं, आणि आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर जेवायला जाऊन बसली.