घंटा होईपर्यंत बाई

शुभदा आमच्या गावच्या शाळेवर बाई म्हणून आली, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. लपवून काय करायचं? जिंतूरला डी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. पाठ माझे चांगले व्हायचे, तिचे तक्तेसुद्धा मीच रंगवून दिलेत. पण भरतीत नंबर तिचा लागला आणि मी राहिले. आता ती इस्त्रीच्या साडीत स्कूटीवर येते आणि सगळं गाव तिला ‘बाई, बाई’ करतं. मी सोयाबीनमध्ये खुरपं धरते.

पण शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून निकिता आणि हरिओमला मी शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवते. नवरा, महारुद्र, पहिल्या वर्षी कुरकुरला. पोरगी धडाधडा वाचायला लागली तसा गप्प बसला.

आमची शाळा म्हणजे उगीच पुस्तक उघडून बसणं नव्हे. ओसरीत रीतसर भरते. दारातल्या कडुलिंबाला नांगराचा जुना फाळ टांगलाय, त्यावर पाना हाणला की घंटा. मग प्रार्थना, मग हजेरी. दोनच पोरं, पण हजेरी रोज. आणि पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. सुटल्याची घंटा होईपर्यंत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. आई म्हटलं की पोरं लाडात येतात आणि अभ्यास बाजूला राहतो. खरं सांगू का, ‘हजर, बाई’ ऐकलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

उन्हाळ्यात गावची शाळा बंद असली तरी आमची चालूच. ऊन तापायच्या आत पाढे आणि वाचन, मग कुरडयांचा चीक शिजवताना वजनमापं. एक दिवस चिकाचा थेंब हातावर उडाला तशी निकिता “आई गं!” करून ओरडली. मी तिच्या हातावर गार पाणी ओतलं आणि म्हटलं, “शाळा सुटली न्हाई अजून.” पोरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “बाई, लय चटका बसला.” शिस्त लागली म्हणून मला बरंच वाटलं.

उन्हं कलली की पुढच्या वर्षाची आखणी. ओसरीची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून घेतली होती, तिच्यावर गेरूनं सगळं वर्ष लिहीत होते. पेरणीच्या दिवसांत गणित रानातच. पोळ्याच्या आधी मातीचे बैल आणि त्यांच्यावर निबंध. कापूस वेचणीला सुट्टी, कारण तेव्हा बाईलाच वेचायला जावं लागतं. यंदा निकिता चौथीची, तिला अपूर्णांक भाकरीवर शिकवायचे. असलं शुभदाला सात जन्मांत सुचलं नसतं, असं मला गेरू कालवताना वाटायचं.

जून लागला आणि ती आलीच. शाळा उघडायच्या आधी मास्तर-बायांना दारोदार फिरून पोरं गोळा करावी लागतात. इंग्रजी शाळांच्या गाड्या गावात यायला लागल्यापासून पट घसरलाय.

“शालू, निकिताला दे की आमच्याकडं,” पाणी पिऊन तांब्या खाली ठेवत शुभदा म्हणाली.

“का? तुला पट कमी पडायलाय म्हणून?”

“पट तर कमी हाय, खोटं कशाला बोलू? पण पोरगी हुशार हाय गं. वयाप्रमाणं सरळ चौथीत बसंल.”

“मी शिकवली म्हणून हुशार हाय.”

“तेच म्हणायले मी.”

ही बाई भांडायलाही जागा ठेवत नाही. माझं डोकं आणखीच फिरलं. तेवढ्यात ती उठून भिंतीपाशी गेली आणि माझं वर्ष वाचायला लागली.

“भाकरीवर अपूर्णांक! हे मी घेऊ का गं वर्गात?”

“घे की. नोकरी घेतलीस, आता भाकरी बी घे.”

शुभदाचा चेहरा पडला. मला जरा गार वाटलं, पण तेवढ्यात निकिता पुढं झाली आणि तिनं शुभदाला विचारलं, “बाई, तुमच्या शाळंत यायला काय काय लागतंय?”

माझ्या ओसरीत, माझ्यासमोर, माझी पोरगी दुसरीला बाई म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शुभदा गेल्यावर मी निकिताला तेराचा पाढा उलटा म्हणायला लावला.

त्यानंतर पोरीचं लक्ष उडालं. वाचता वाचता तिची नजर शेजारच्या कमलबाईच्या ओट्यावर जायची. कमलबाईची भक्ती निकिताच्याच वयाची आणि शाळेत जाणारी. तिचं गुलाबी दप्तर आतापासूनच खुंटीला लटकत होतं. मी ओळखलं, पोरगी दप्तराला भुललीय. एस.टी.नं जिंतूरला गेले आणि तसंच, उलट एक कप्पा जास्त असलेलं दप्तर आणलं. निकितानं ते हातात घेतलं, आतून बाहेरून बघितलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी परत नजर त्याच ओट्यावर.

“जाऊ दे की तिला,” महारुद्र म्हणाला. “तुझी शाळा काय पळून जायलीय व्हय?”

“तुमी मधी पडू नका,” मी म्हणाले. एक एक अक्षर गिरवून घेतलेली माझी पोर शुभदाच्या हजेरीपटात जाणार आणि वर्षाअखेरी ती म्हणणार, बघा माझी विद्यार्थिनी. मला ते सहनच होत नव्हतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, लिंबाखाली पाट टाकून बसलेल्या निकिताला मी विचारूनच टाकलं.

“शुभदा बाई माझ्यापेक्षा चांगलं शिकवत्यात असं वाटायलंय का तुला?”

“मला काय माहीत? मी कुठं बसले त्यांच्याजवळ?”

“मग त्या भक्तीच्या ओट्यावर काय बघतीस रोज?”

ती खाली बघून मातीत रेघा ओढत राहिली.

“कमलकाकू बघते.”

“तिचं काय बघायचं? तिला सही बी येत न्हाई.”

“ती सकाळी भक्तीची वेणी घालती. भक्ती रडली की जवळ घेती.” निकितानं मातीतली रेघ पुसून टाकली. “मला सकाळी आईच नसती. हात पोळला तरी आधी बाई म्हणावं लागतंय. शुभदा बाईला बाई होऊ दे की. तू आई हो.”

मी शुभदावर जळत होते, माझी पोर कमलबाईच्या पोरीवर जळत होती. तिचा हात ओढून बघितला, चटक्याचा डाग अजून होता.

सकाळी मी तिची वेणी घातली. सवय नाही, भांग वाकडा आला. शाळेच्या फाटकात शुभदा गुलाबाची फुलं घेऊन उभी होती. नव्या पोरांना बैलगाडीतून मिरवत आणलं होतं. निकिता जाता जाता वळली आणि सगळ्यांसमोर ओरडली, “आई, येते!” शुभदानं तिच्या हातात फूल दिलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताकडं बघून माझ्या पोटात दुखलंच.

घरी आले तर हरिओम ओसरीत मांडी घालून बसलेला. बाजूला निकिताची बस्करपट्टी मोकळी होती. फाळावर पाना हाणला. प्रार्थना झाली. मी त्याचं नाव घेतलं.

“हजर, बाई.”

“आई म्हण,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग लिंबाला टांगलेल्या फाळाकडं.

“म्हंजी शाळा सुटली का?”