एका विद्यार्थिनीचं वेळापत्रक

आमच्या शाळेचं वेळापत्रक गेली एकोणीस वर्षं मी करते. अठरा वर्ग, एकतीस शिक्षक, प्रयोगशाळा एकच, आणि चित्रकलेच्या बाई आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या. तरी कुणाचे दोन तास एका वेळी येत नाहीत की कुणाला सलग चार तास खडू घेऊन उभं राहावं लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला सगळे कुरकुरतात आणि पंधरा दिवसांत गप्प होतात, कारण खोट काढायला जागाच सापडत नाही. तेव्हा एक मुलगी, एक टेबल आणि एक शिक्षिका यांचं वेळापत्रक म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चालले होते. त्याला मला अकरा दिवस लागले.

मुलगी माझीच. दहावीतली. माझ्याच शाळेत होती, आता नाही. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. चौकशी समिती बसली, त्या पेपरात शून्य गुण मिळाले, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं की पंधरा दिवसांनी माफीपत्र घेऊन ये, मग वर्गात बस. मुलगी म्हणाली, मी जे केलं नाही त्याची माफी मागणार नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला, ती जागची हलली नाही. शेवटी घरी शिकवून बाहेरून परीक्षेला बसवायचं ठरलं. शिक्षण कार्यालयात त्यासाठी वर्षाची आखणी द्यावी लागते. कोणता विषय, किती तास, कोण शिकवणार, चाचण्या कशा घेणार, सगळं त्यांच्या छापील अर्जात भरून द्यायचं.

लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते. एवढंच खरं असतं तर मला अकरा दिवस लागले नसते.

ती चिठ्ठी माझी होती. माझी म्हणजे मी लिहिलेली, माझ्या अक्षरात, माझ्या हातानं त्या पेटीत ठेवलेली. मुलगी पाचवीत असल्यापासूनची ही माझी सवय. जुन्या कॅलेंडरच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, मागच्या कोऱ्या बाजूला चार सूत्रं लिहायची, प्रत्येक सूत्राभोवती चौकट काढायची आणि पट्टी कंपासपेटीत सरकवायची. बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसण्यापेक्षा पोरगी सूत्रं तरी बघेल, हा हेतू. परीक्षेच्या दिवशी सकाळी पेटी मीच तपासायची, पेन्सिलीला टोक काढायचं आणि चिठ्ठी बाहेर काढून ठेवायची. हे काम माझं होतं. तिचं कधीच नव्हतं. पाच वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या सकाळी शाळेतून फोन आला की दोन शिक्षक आजारी आहेत, पर्यवेक्षणाची यादी नव्यानं करा. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून उभ्याउभ्या यादी केली. अगदी चोख केली. दहावीच्या वर्गावर विज्ञानाचे सर लावले, कारण त्यांची नजर घारीची. मग पेटी बंद केली आणि तिच्या दप्तरात टाकली.

सरांनी चिठ्ठी पकडली, समिती बसली. मुख्याध्यापक मला म्हणाले, तुम्ही यात राहू नका, आई आहात. मी परीक्षा विभागाची प्रमुख. उपमुख्याध्यापिकेच्या जागेसाठी दोन आठवड्यांनी मुलाखती होत्या. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." सगळ्यांना फार भारी वाटलं ते. शिक्षकांच्या खोलीत पुढे आठवडाभर माझं हे वाक्य फिरत होतं.

मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या अलीकडे मुलगी आणि तिचे बाबा, पलीकडे समितीचे आम्ही तिघं, मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर आणि मी. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. हजारो लोकांना अक्षरं दिसायला लावणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःचा चष्मा विसरून आला होता. त्यानं चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली आणि परत ठेवली. सरांनी ती पिशवीत टाकण्याआधी माझ्यासमोर सरकवली. चार सूत्रं, चार चौकटी. मुलीचं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं, लहानपणी मीच गिरवून घेतलेलं. म्हणून कुणालाही काही खटकलं नाही.

मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, हे अक्षर कुणाचं? तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी कागदाकडे बघत होते. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मी समितीच्या अहवालावर सही केली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हा नाही बोललात, दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं. मीही तेच म्हणत होते. मुलाखत झाली की बोलू. मग म्हटलं, निकाल लागला की बोलू. मग जागा मिळाली, पेढ्यांच्या जागी चहा झाला, टाळ्या झाल्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत विज्ञानाचे सर सगळ्यांत पुढे होते.

म्हणून मी आखणी केली. भरपाई करायची तर अशी करायची की कुणी नाव ठेवू नये. आमची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी सात ते अकरा माझा वेळ मोकळा. चाळीस मिनिटांचे पाच तास, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. गणित रोज. विज्ञान चार दिवस, त्यातल्या प्रयोगांसाठी ओळखीच्या एका शिकवणीची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी. इतिहासाला तारखांचा पट्टा भिंतीवर. भाषेला आठवड्याला एक निबंध. पहिल्या आखणीत तर मी 'बदली तास'सुद्धा घातला होता, म्हणजे शिक्षक गैरहजर असेल तर. नवरा म्हणाला, शिक्षक गैरहजर असला तर दुसरा कोण येणार, मी? तो खोडला. 'कोण शिकवणार' या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, आई.

मुलीला आखणी दाखवली. तिनं सगळी वाचली. मला वाटलं आता आदळआपट होईल, आणि खरं सांगते, मी तिची वाटच बघत होते. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि ओरडण्याच्या भरात एखाद्या वेळी माझ्या तोंडून ते निघूनही गेलं असतं. पण तिनं फक्त इतिहासाच्या ओळीत एक तास कमी पडतोय म्हणून दाखवलं. खरंच कमी पडत होता. एकोणीस वर्षांत माझी चूक दाखवणारी ती पहिली.

मग घरची शाळा सुरू झाली. ती सातला टेबलापाशी हजर. केस विंचरलेले, वह्यांना कव्हरं. विचारलेलं सांगायची, सांगितलेलं करायची. अशी गुणी मुलगी मला वर्गात मिळाली असती तर मी तिचं तोंड भरून कौतुक केलं असतं. घरात मला तिची भीती वाटायला लागली.

दर शुक्रवारी नऊ वाजता चाचणी. पहिल्या शुक्रवारी मी पेपर घेऊन आले, तर तिनं कंपासपेटी टेबलावर उपडी केली होती. कर्कटक, कोनमापक, खोडरबर, अर्धी पेन्सिल. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोन्ही तळहात मला दाखवले आणि उठून दप्तर दाराबाहेर ठेवून आली. मी म्हणाले, ही कसली नाटकं? ती म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. बाबा दुकानात निघताना दारातलं दप्तर ओलांडून जायचे. एकदा त्यांनी ते उचलून आत आणून ठेवलं, तर तिनं परत बाहेर नेलं.

अर्जाची मुदत एका शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. नवऱ्याचं दुकान शिक्षण कार्यालयाच्या शेजारच्याच रस्त्यावर, तेव्हा त्यानं जाताना अर्ज न्यायचा असं ठरलं होतं. आदल्या दिवशी मुलीनं अर्ज माझ्याकडून मागून घेतला होता. अक्षर नीट येईल, मी भरते, म्हणाली. सकाळी बघते तो सगळा भरलेला. माझी आखणी तिनं कानामात्रा न बदलता उतरवली होती. 'कोण शिकवणार' मध्ये मी होते तशी होते. तिसऱ्या पानावर एकच रकाना कोरा होता. 'शाळा सोडण्याचे कारण'.

मी म्हणाले, हे राहिलं वाटतं.

"राहिलं नाही," ती म्हणाली. "ते तू भर. तुझ्या अक्षरात."

एवढं बोलून ती टेबलापलीकडच्या खुर्चीत बसली. घाई नाही, रडणं नाही. तेव्हा मला कळलं की ही पोर माफीपत्राला नाही म्हणाली त्या दिवसापासून या चार इंचांच्या जागेची वाट बघत होती. शाळेत मी सांगितलं नाही, घरात सांगितलं नाही, निदान एका कागदावर तरी मी लिहीन, तेही तिनं न मागता, असं तिला वाटत होतं. शेवटी मागावं लागलं.

नवरा बूट घालत होता. मी त्याला म्हणाले, अहो, तुम्ही सांगा ना हिला, अशा अर्जात सगळे प्रकृती लिहितात. त्यानं आधी नाडी बांधली. मग खाली बघूनच म्हणाला, "त्या दिवशी चष्मा माझ्या खिशातच होता."

मुलीनं त्याच्याकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी आधी एकदाच बघितलं होतं, खरं तर बघायचं टाळलं होतं, मुख्याध्यापकांच्या खोलीत. आता एकाच सकाळी तिला कळलं की टेबलाच्या दोन्ही बाजूंना तिचं कुणीच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. निलाजरेपणा म्हणतात तो हाच.

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "मग तुझी नोकरी दिसली. मग रोज उशीर होत गेला."

मी पेन उचललं. मला वाटतं मी खरं लिहिणारच होते. 'चिठ्ठी' हा शब्द डोक्यात तयारही होता. पण मला सवय आहे, एक तास हलवला की पुढचे सगळे कुठे सरकतात ते मला लगेच दिसतं. हा अर्ज कार्यालयात जाणार. कार्यालयाकडून त्याची प्रत शाळेत जाणार. प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर येणार, ते विज्ञानाच्या सरांना बोलावणार, आणि तीन आठवड्यांपूर्वी दारावर लागलेली माझी पाटी उतरणार. आमच्याकडे दुसरा पगार नवऱ्याचा, तो काचा घासण्याचा. हे सगळं मला एका ओळीत दिसलं, चौकटी काढल्यासारखं. तिच्यासाठी त्या ओळीत मला कुठे मोकळा तास सापडेना.

मी लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'.

मुलीनं अर्ज स्वतःकडे वळवून वाचला. शाई ओली होती, तिनं हलकेच फुंकर मारली.

"कुणाच्या?" तिनं विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं. तिनं वाट बघितली नाही. अर्ज पाकिटात घातला, बाबांच्या हातात दिला आणि पोच घ्यायला विसरू नका म्हणून सांगितलं. तो गेला. जाताना दारातलं दप्तर त्यानं ओलांडलं नाही, बाजूनं वळसा घालून गेला.

नऊ वाजले होते. चाचणी त्रिकोणमितीची होती, पेपर मी दोन दिवस आधीच काढून ठेवला होता. मी म्हणाले, आज राहू दे हवं तर. ती म्हणाली, आखणीत आहे.

तिनं बाह्या वर सारल्या. तळहात दाखवले. कंपासपेटी माझ्यासमोर उपडी केली, कर्कटक घरंगळत माझ्या हातापर्यंत आलं.

"बघून घे," ती म्हणाली.

आणि मी बघितलं. एकेक वस्तू बाजूला सारून बघितली. कोनमापकाचं प्लास्टिकचं पाकीटसुद्धा उचललं आणि त्यात काही नाही ना, ते बोट घालून तपासलं. मग तिला पेपर दिला.