रेटिंगचा खर्चा

पोहे झाले, चहा झाला. पाहुण्यांनी मुलीचं नाव, शिक्षण, नोकरी विचारून घेतली. मग मध्यस्थ काकासाहेबांनी घसा साफ केला.

"हुंडा आम्हाला न्हाई पाह्यजे. बिलकुल न्हाई. रखमाजींचं म्हणणं एवढंच, की पोराच्या रेटिंगचा खर्चा मुलीकडच्यांनी करावा."

पुंजारामांना ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कशाचा?"

"रेटिंगचा. विमानाचं असतं ते."

२००८ची दिवाळी नुकतीच उलटली होती. पुंजाराम मूळचे अंबडकडचे शेतकरी. पोरांच्या शाळेसाठी जालन्याला आले आणि जुन्या जालन्यात अडत दुकान टाकून स्थिरावले. त्यांची मुलगी सत्यशीला कृषी शाखेची पदवी घेऊन नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. बियाणं किती उगवतं ते तपासायचं तिचं काम. बघायला आलेला गोवर्धन अंकुशनगरचा. त्याचे वडील रखमाजी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर मिळालेलं सगळं त्यांनी मुलाच्या विमान शिक्षणात घातलं होतं. गोवर्धनला पायलटचं लायसन मिळून दोन वर्षं झाली होती. नोकरी नव्हती.

"मी त्यांच्याशी बोलू का?" सत्यशीलानं विचारलं. काकासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण पुंजारामांनी मान हलवली.

दोघं गच्चीवर गेले. खालच्या गल्लीत हमाल गोण्या उतरवत होते, रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला होता.

"रेटिंग म्हणजे काय?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं लायसन हाये ना?"

"हाये, पण ते लहान विमानाचं. प्रवासी नेणारं मोठं विमान असतं, त्याच्या प्रत्येक जातीचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. विमानाच्या तोंडासारखी खोली केलेली असते, तिच्यात बसवून शिकवतात. परीक्षा पास झालं की लायसनवर त्या विमानाचं नाव चढतं."

"मंग ते कंपनी शिकवत न्हाई?"

"काही शिकवायच्या. आता बऱ्याच म्हणतात, स्वतःच्या पैशानं करून या, मंग बघू."

"मंग बघू म्हणजे? नोकरी पक्की न्हाई?"

गोवर्धननं खालच्या गल्लीकडं पाहिलं. "न्हाई."

"काकासाहेब तर असं बोलले, की पैसे भरले की नोकरी हातात."

"बाबांनीबी तसंच धरलंय. मी सांगून राह्यलो, पण त्यांना ऐकायचं न्हाई."

"आज इथं हे मागणार, ते तुम्हाला माहीत होतं?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. "होतं. जीपमधी बसलो तवाच उतरायला पाह्यजे होतं. उतरलो न्हाई."

तिनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. सडपातळ होता, शर्ट नवा होता आणि खांद्यावर थोडा ढगळ बसला होता.

"आमच्या लॅबमधी नवीन मशीन आलं, तवा कंपनीनं मला शिकायला हैदराबादला पाठवलं. घरून पैसे आणा असं कोणी म्हणलं न्हाई."

"कंपन्या म्हणतात, शिकवलं की पोरं दुसरीकडं पळतात. ते खोटं न्हाई. माझ्या बॅचचा एक तसाच गेलाय."

"मंग लिहून घ्यावं त्यांनी. इतकी वर्षं सोडायचं न्हाई म्हणून."

"मला कोणी लिहून मागावं, मी आत्ता सही करीन," गोवर्धन म्हणाला, आणि तिला हसू आलं.

पाहुणे गेल्यावर घरात वाद सुरू झाला. रक्कम वीस लाखांच्या आसपास होती. पुंजारामांची द्यायची तयारी होती. बायपासजवळ एक प्लॉट पडून होता, आणि पायलट जावई म्हटल्यावर त्यांना मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांचे चेहरे डोळ्यांपुढं दिसू लागले होते.

"डॉक्टर होणारं पोरगं आपल्याच पैशानं शिकतं ना?" ते म्हणाले. "मंग पायलटानं का शिकू न्हाई? शिक्षण ज्याचं त्यानं करावं."

"डॉक्टर शिकला की कुठंबी दवाखाना टाकतो, दादा. ह्यानं विमान कुठं टाकायचं? हे शिक्षण कंपनीच्याच कामाचं. तिनं नोकरी दिली न्हाई तर काय करायचं त्याचं?"

"ते नंतर. आधी पोरगा पसंत हाये का ते सांग," आई नंदाबाई म्हणाली.

"पोरगा पसंत हाये. रेटिंग पसंत न्हाई."

हाच निरोप काकासाहेबांकडून अंकुशनगरला गेला. जाताना तो थोडा वाकडा झाला असावा, कारण उत्तर आलं नाही. पुंजारामांनी दुसरं स्थळ पाहायला घेतलं.

मग एका दुपारी वॉचमननं सत्यशीलाला सांगितलं, कोणी म्हातारे गेटवर थांबलेत. रखमाजी होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. ती त्यांना समोरच्या हॉटेलात घेऊन गेली.

"मी भांडायला न्हाई आलो, माय," ते बसता बसता म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं. माझ्या पोरात काय खोट दिसली तुला?"

"काही न्हाई, काका. मला पसंत हायेत ते. मी दादांनाबी तेच सांगितलं."

रखमाजींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली.

"मंग पैशापायी?"

"पैसे भरूनबी नोकरी पक्की न्हाई, काका. त्यांनीच सांगितलं मला."

"मलाबी सांगतो तो." त्यांनी कप उचलला आणि न पिता ठेवला. "पण मंग मी काय धरून बसू? लायसन मिळालं तवा कॉलनीतल्या प्रत्येक घरी मी स्वतः पेढे नेऊन दिल्ते. आता लोक विचारतात, कोणतं विमान चालवतो पोरगा? तो लग्नाला जात न्हाई, अंबडच्या बाजाराला जात न्हाई. दिवसभर ती जाडी पुस्तकं घेऊन बसतो. मला वाटलं, एवढं एक झालं की सुटला."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी टोपी डोक्यावर घातली. सत्यशीलानं कप त्यांच्यापुढं सरकवला. ती म्हणाली, "तोवर त्यांना काहीतरी काम करू द्या. आमच्या कंपनीत बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फिरायला माणसं पाह्यजेत."

"पायलट शेताशेतानं फिरणार?" रखमाजी उठले. "त्याच्यासाठी शिकवलं का मी त्याला?" आणि चहा तसाच टाकून ते स्टँडकडं चालू लागले.

आपण चुकीचं बोललो असं तिला वाटत राहिलं. पण त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतला फोन वाजला. गोवर्धन होता.

"ती जागा अजून हाये का?"

तो कामाला लागला. कंपनीच्या मोटारसायकलवर भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत फिरायचा, कपाशीच्या आणि भेंडीच्या बियाण्याचे प्लॉट बघायचा, शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायचा. ऑफिसात कोणीतरी त्याला 'पायलटसाहेब' म्हणालं आणि ते नाव चिकटलं. सुरुवातीला त्याचे कान लाल व्हायचे. नंतर शेतकरीही त्याच नावानं हाक मारू लागले आणि त्यातली चेष्टा निघून गेली. लायसन जिवंत ठेवायला ठरावीक तास उडावं लागतं. पगारातला मोठा भाग त्यात जायचा.

दोन्ही घरांत पुन्हा बोलणी झाली, रेटिंगची अट गळाली आणि उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. पुंजारामांनी मांडवातसुद्धा प्लॉटचा विषय काढून पाहिला. गोवर्धन म्हणाला, "मामा, तो प्लॉट राहू द्या," आणि त्यांच्या पाया पडला. रखमाजी लग्नात सगळ्यांशी नीट बोलले, पण सुनेशी जेवढ्यास तेवढं.

त्याच पावसाळ्यात गोवर्धनच्या बॅचच्या एका मुलाचा फोटो आला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, पाठीमागं मोठं विमान. त्याच्या घरच्यांनी रेटिंगचे पैसे भरले होते आणि त्याला नोकरी लागली होती. गोवर्धन त्या दिवशी जेवला नाही.

"माझ्यामुळं झालं का हे?" सत्यशीलानं विचारलं. "मी अडवलं नसतं तर आज तुम्ही तिथं असता."

"असतोबी. नसतोबी. दुसऱ्या एकानं भरले, त्याला परदेशातून आल्यावर कळलं, कंपनीनं भरती बंद केली. तो घरी बसलाय, रेटिंगची मुदत संपत आली." जरा थांबून तो म्हणाला, "पण फोटो बघून वाईट वाटलं, ते खरं हाये."

ती त्याच्याजवळ बसून राहिली. 

वर्ष संपता संपता एका कंपनीची जाहिरात आली. लायसनवाले घेणार, रेटिंग कंपनी करून देणार, पाच वर्षं सोडायचं नाही असा करार. गोवर्धन दिल्लीला जाऊन लेखी परीक्षा देऊन आला, मग मुलाखतीला गेला. समोरच्या कॅप्टननं कागद चाळत विचारलं, "तुमच्या वेळची बरीच पोरं स्वतःच्या पैशानं रेटिंग करून मोकळी झाली. तुम्ही इतकी वर्षं थांबलात का?"

"ऐपत न्हवती, सर. आणि नंतर देणारं कोणी भेटलं, तवा घ्यावंसं वाटलं न्हाई. विमान कंपनीचं, शिकवावं कंपनीनं. मी पाच वर्षं कुठं जाणार न्हाई."

"आता काय करता?"

"बियाण्याच्या प्लॉटवर देखरेख करतो."

कॅप्टननं मान वर केली आणि त्या कामाबद्दलच बराच वेळ विचारत राहिला. बाहेर आल्यावर गोवर्धनला वाटलं, गेलं हातचं. पुढं तीन महिने काही कळलंही नाही. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा तो परतूरकडच्या एका शेतात होता. करारावर दोन जामीनदार लागत होते. एक पुंजाराम झाले. दुसऱ्यासाठी घरी रखमाजींनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "दुसरीकडं दुप्पट पगार मिळाला तरी जाता येणार न्हाई?"

"न्हाई, बाबा."

"बराबर हाये," ते म्हणाले आणि सही केली. मग आत स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "शीला, चहा टाक गं. आणि तुझाबी आण. इथं बस."

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ होती. ती तीन कप घेऊन आली आणि सासऱ्यांच्या समोर बसली.

गोवर्धन शिकायला हैदराबादला गेला. एका रात्री त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता. "आज एका धड्यात नापास झालो. त्या खोलीतल्या विमानाचं एक इंजिन बंद करून उतरवायचं होतं, मी धावपट्टीच्या बाजूला गेल्तो. उद्या परत करून घेणार हायेत."

"परत केलं तर त्याचे जास्तीचे पैसे?"

"मी विचारलं. शिकवणारे म्हणाले, ते तुम्ही डोक्यात घेऊ नका, झोपा."

"मंग झोपा," सत्यशीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला ते नीट जमलं.